प्रश्नपत्रिकेतील आकृती का विस्कटते आणि ती एकसंध कशी ठेवावी

प्रश्न एका विज्ञान शिक्षिकेचा आहे. त्यांनी सातवीच्या प्रश्नपत्रिकेत वर्डमधील आकार वापरून विद्युत परिपथाची आकृती काढली: तारेसाठी रेषा, दिव्यासाठी वर्तुळ आणि फुली, घटासाठी दोन उभ्या रेघा, शिवाय नावांच्या तीन चौकटी. घरी आकृती नीट दिसत होती. वरच्या प्रश्नात दोन ओळी वाढवल्यावर मात्र दिवा खाली सरकला, तार जागीच राहिली आणि एक चौकट पुढच्या पानावर गेली. शाळेच्या संगणकावर वर्डऐवजी लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. तिथे तीच फाइल उघडल्यावर आकृती आणखी विस्कटली. आकार एकमेकांच्या वर-खाली कसे करावेत, नेमके एका रेषेत कसे आणावेत आणि संपूर्ण आकृती एकच वस्तू म्हणून कशी हलवावी, हे त्यांनी विचारले आहे.

मी अनेक वर्षे छपाईसाठी मजकूर जुळवण्याचे काम करतो आणि प्रश्नपत्रिका व कार्यपुस्तिका हा त्यातला मोठा भाग आहे. माझ्याकडे आलेल्या विस्कटलेल्या आकृत्यांपैकी बहुतेकींमध्ये रेखाटन चांगलेच होते. दोष होता तो आकारांचा कागदाशी असलेल्या नात्यात. त्यामुळे थर आणि मापे यांच्याकडे वळण्यापूर्वी हे नाते समजून घेऊ. ते कळले की तुमच्या तक्रारीचा निम्म्याहून अधिक भाग तिथेच सुटतो.

वर्ड किंवा लिब्रेऑफिसमधील मजकूर लिहिण्याचा भाग, म्हणजे रायटर, हे मुळात ओळींचे, वाहत्या मजकुराचे सॉफ्टवेअर आहे. त्यात पान ही पक्की जागा नसते. मजकूर वाढला की परिच्छेद खाली सरकतात आणि पाने नव्याने तयार होतात. अशा वाहत्या मजकुरावर आपण आकार काढतो, तेव्हा त्याला कुठेतरी बांधून ठेवणे सॉफ्टवेअरला भाग असते. या बांधणीला अँकर म्हणतात. आपण आकार काढला किंवा ओढून दुसरीकडे नेला की तो बहुधा जवळच्या परिच्छेदाला बांधला जातो, आणि हे आपल्याला न विचारता घडते. तुमच्या आकृतीत समजा १४ आकार आहेत. त्यांतील काही 'प्रश्न ३' या ओळीला, काही त्याखालच्या रिकाम्या ओळीला आणि काही 'प्रश्न ४' ला बांधले गेले असतील, तर वर दोन ओळी वाढताच प्रत्येक आकार आपापल्या परिच्छेदाबरोबर जाणार. एखादा परिच्छेद पुढच्या पानावर गेला, तर त्याला बांधलेली चौकटही तिकडेच जाणार. सॉफ्टवेअर सांगितलेले काम करत असते. सांगितले काय गेले आहे, ते आपल्याला दिसत नाही, एवढीच अडचण.

ते दिसावे अशी सोय मात्र आहे. वर्डच्या ऑप्शन्समध्ये डिस्प्ले या विभागात 'ऑब्जेक्ट अँकर्स' हा पर्याय चालू केला की निवडलेल्या आकाराचा छोटा अँकर समासात कायम दिसतो. रायटरमध्ये आकार निवडताच अँकरचे चिन्ह दिसते. तुमची जुनी फाइल उघडून एकेका आकारावर क्लिक करून पाहा. १४ आकारांचे अँकर चार-पाच ठिकाणी विखुरलेले आढळतील, असा माझा अंदाज आहे. यातून आणखी एक कोडे उलगडते. ज्या परिच्छेदाला आकार बांधलेला आहे, तो परिच्छेद खुणेसकट पुसला तर आकारही जातो. 'मी फक्त एक रिकामी ओळ काढली आणि बाण नाहीसा झाला' अशी तक्रार घेऊन पुष्कळ जण येतात, त्याचे कारण हेच असते.

रायटरमध्ये अँकरचे मुख्य प्रकार चार: पानाला, परिच्छेदाला, अक्षराला आणि 'अक्षर म्हणून'. पानाला बांधलेला आकार मजकुराकडे लक्षच देत नाही. मजकूर कितीही सरकला तरी तो त्या पानावर त्याच जागी राहतो. प्रमाणपत्राच्या नक्षीसाठी ते ठीक, प्रश्नपत्रिकेसाठी घातक, कारण प्रश्न पुढे जाईल आणि आकृती मागे राहील. परिच्छेदाला किंवा अक्षराला बांधलेला आकार त्यांच्याबरोबर सरकतो, पण त्यांच्यापासून काही अंतरावर तरंगत असतो. चौथा प्रकार मला सर्वांत विश्वासाचा वाटतो. त्यात संपूर्ण आकृती ओळीतल्या एका मोठ्या अक्षरासारखी वागते: परिच्छेद मध्यभागी आणला की आकृती मध्यभागी येते आणि वर ओळी वाढल्या की ती त्या ओळींच्या मागोमाग खाली जाते. वर्डमध्ये याच गोष्टीला 'इन लाइन विथ टेक्स्ट' म्हणतात आणि आकाराभोवती मजकूर कसा वाहावा हे ठरवणाऱ्या रॅप टेक्स्टच्या यादीत ती पहिलीच असते. लक्षात घ्या, वर्डमध्ये आपण घातलेले छायाचित्र सामान्यतः ओळीत येते, पण काढलेला आकार मजकुराच्या पुढे तरंगत येतो. म्हणूनच छायाचित्रांबद्दल सहसा कोणी तक्रार करत नाही आणि आकारांबद्दल सगळेच करतात.

म्हणून माझी पद्धत अशी आहे: आकृती काढताना सगळे आकार तरंगते ठेवायचे, काम पुरे झाले की त्यांचा एक गट करायचा आणि मग तो गट आकृतीसाठी राखलेल्या स्वतंत्र परिच्छेदात 'अक्षर म्हणून' बसवायचा. हा क्रम उलटा चालत नाही. ओळीत बसवलेले सुटे आकार गटात घेता येत नाहीत. ग्रुप ही आज्ञा फिकी पडलेली दिसते आणि माणूस गोंधळतो. आकृतीच्या परिच्छेदात दुसरे काहीही लिहू नये. प्रश्नाची ओळ आणि आकृती यांची ताटातूट होऊ नये म्हणून प्रश्नाच्या परिच्छेदाला 'कीप विथ नेक्स्ट' हा गुण द्यावा. मग दोन्ही एकाच पानावर राहतात. एका गोष्टीकडे मात्र नीट लक्ष द्या. परिच्छेदातील ओळींचे अंतर 'एक्झॅक्टली', म्हणजे ठरावीक पॉइंटांचे असेल, तर वर्ड ओळीत बसवलेल्या आकृतीची केवळ खालची पट्टी दाखवते आणि उरलेली आकृती कापली जाते. प्रश्नपत्रिका दोन पानांत बसवण्यासाठी हे अंतर हमखास ठरावीक केलेले असते. आकृतीच्या परिच्छेदापुरते ते 'सिंगल' करावे. प्रश्न क्रमांक, प्रश्न आणि गुण असे तीन रकाने करून तक्त्यात प्रश्नपत्रिका मांडली असेल, तर ओळीची उंचीही ठरावीक असता कामा नये. तीही आकृतीला तशीच कापते.

आता थरांकडे येऊ. प्रत्येक नवा आकार आधीच्या आकारांच्या वर येतो, टेबलावर एकावर एक कागद ठेवावेत तसा. 'ब्रिंग टु फ्रंट' निवडलेला आकार सर्वांच्या वर आणते आणि 'सेंड टु बॅक' सर्वांच्या तळाशी नेते; 'ब्रिंग फॉरवर्ड' आणि 'सेंड बॅकवर्ड' या आज्ञा एकेक पायरी वर किंवा खाली नेतात. लिब्रेऑफिसमधील रेखाटनाचा भाग म्हणजे ड्रॉ; त्यात कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबले की आकार एक पायरी वर येतो, त्यात शिफ्ट मिळवली की थेट सर्वांत वर. वजाच्या चिन्हाने उलट दिशा. येथपर्यंत सोपे आहे. मजकुराच्या दस्तऐवजात मात्र आणखी एक प्रश्न येतो: आकार मजकुराच्या पुढे की मागे? वर्डमध्ये 'बिहाइंड टेक्स्ट' आणि 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट', रायटरमध्ये पार्श्वभूमी आणि अग्रभूमी, असे दोन वेगळे मजलेच आहेत. लिब्रेऑफिसच्या मूळ प्रोग्राममध्ये या दोन मजल्यांची नावे 'हेवन' आणि 'हेल', म्हणजे स्वर्ग आणि नरक अशी आहेत, आणि ती समजायला चांगली उपयोगी पडतात: नरकातला आकार कितीही वेळा 'ब्रिंग टु फ्रंट' केला तरी तो नरकातच सर्वांत वर येतो, स्वर्गात जात नाही. मजल्याची अदलाबदल रॅपच्या पर्यायातून करावी लागते. 'पुढे आणूनही आकार अक्षरांच्या मागेच राहतो' या तक्रारीचे उत्तर यात आहे.

झाकलेला आकार निवडता न येणे ही थरांमुळे होणारी दुसरी नेहमीची अडचण. वर्डमध्ये ऑल्ट आणि एफ १० दाबले की सिलेक्शन पेन उघडते. त्यात पानावरील सर्व आकारांची यादी थरांच्या क्रमाने येते आणि नावावर क्लिक केले की तो आकार निवडला जातो. 'रेक्टँगल १७' अशा नावांऐवजी 'दिवा', 'तार', 'कळ' अशी नावे तिथेच देता येतात. आकार दहापेक्षा जास्त असतील, तर या कामाला लागणारी दोन मिनिटे पुढे अर्धा तास वाचवतात. डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून वरचा आकार थोडा वेळ लपवूनही ठेवता येतो. लिब्रेऑफिसमध्ये ऑल्ट दाबून क्लिक केले की खालचा आकार निवडला जातो, आणि ड्रॉमध्ये टॅब दाबत गेले की आकार क्रमाने निवडले जातात.

हे सगळे तुमच्याच आकृतीवर करून पाहू. मी ती लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये काढतो, कारण तिथे एफ ४ दाबल्यावर प्रत्येक आकाराचे स्थान आणि माप आकड्यांत देता येते. बहुतेक जण परिपथाची तार चार सुट्या रेषांनी काढतात आणि मग कोपरे जुळवण्यात वेळ घालवतात. त्याऐवजी एकच आयत घ्या: ८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच, आत रंग नाही, रेषेची जाडी १ पॉइंट, डावा-वरचा कोपरा आडवा ६० आणि उभा ६० मिलिमीटरवर. ही झाली संपूर्ण तार, आणि तिचे चारही कोपरे आपोआप जुळलेले आहेत.

दिव्यासाठी १० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ घ्या आणि त्यात पांढरा रंग भरा. आयताच्या वरच्या बाजूचा मध्यबिंदू आडवा १०० आणि उभा ६० वर येतो, म्हणून वर्तुळाचा डावा-वरचा कोपरा ९५ आणि ५५ वर ठेवा. पांढऱ्या रंगामुळे मागची तार वर्तुळाच्या आत दिसत नाही. ती कापण्याची गरजच उरत नाही. फुलीसाठी १० मिलिमीटर लांबीची आडवी रेषा काढा, एफ ४ मधील रोटेशनमध्ये ४५ अंश द्या, तिची प्रत करून तिला १३५ अंश द्या. मग वर्तुळ आणि दोन्ही रेषा निवडून त्यांना आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी केंद्रावर अलाइन करा. रेषेची लांबी वर्तुळाच्या व्यासाइतकीच असल्यामुळे फुलीची चारही टोके परिघाला अचूक टेकतात. हाताने हे साधायला गेलात, तर एखादे टोक बाहेर डोकावते, आणि छापल्यावर तेवढेच नजरेत भरते.

घट खालच्या बाजूच्या मध्यावर. आधी एक पांढरा पडदा: २ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर उंच, बाह्यरेषा नाही, कोपरा ९९ आणि १०८.५ वर. हा पडदा तारेत बरोबर २ मिलिमीटरची फट पाडतो. फटीच्या एका कडेला, आडव्या ९९ वर, १० मिलिमीटर उंचीची बारीक रेघ. दुसऱ्या कडेला, १०१ वर, ५ मिलिमीटर उंचीची ३ पॉइंट जाड रेघ. लांब व बारीक रेघ धन अग्राची, आखूड व जाड ऋण अग्राची; शिक्षिकेला हे सांगायला नको, पण माझ्याकडे आलेल्या काही फाइलींत प्रत काढताना दोन्ही रेघा सारख्याच उंचीच्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. लांब रेघेचे वरचे टोक उभ्या १०५ वर आणि आखूड रेघेचे १०७.५ वर ठेवले की दोन्हींचे केंद्र तारेच्या उंचीवर, म्हणजे ११० वर येते.

कळ, म्हणजे स्विच, खालच्याच बाजूला उजवीकडे ठेवू. ११८ पासून १२६ पर्यंत ८ मिलिमीटरचा तसाच पडदा, फटीच्या दोन्ही टोकांना दीड मिलिमीटर व्यासाचे भरीव ठिपके, आणि ८ मिलिमीटरची रेषा डाव्या ठिपक्यावरून ३० अंशांनी उचललेली. या ठिकाणी एक बारकावा आहे. आकार फिरतो तो एरवी स्वतःच्या मध्याभोवती. तसा फिरवला तर रेषेचे डावे टोक ठिपक्यावरून सुटते. रोटेशनच्या त्याच खिडकीत पिव्हट पॉइंट, म्हणजे फिरण्याचा बिंदू बदलता येतो. तो ११८ आणि ११० असा द्या, मग ३० अंश द्या. लिब्रेऑफिसमध्ये धन अंश घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजले जातात, म्हणून रेषेचे उजवे टोक वर उचलले जाते. वर्डमध्ये धन अंश काट्यांच्या दिशेने मोजतात आणि फिरण्याचा बिंदू बदलायची सोय नाही. तिथे मी दुप्पट लांबीची युक्ती वापरतो: ८ मिलिमीटरच्या दोन रेषा एकापुढे एक जोडून ठेवतो, डावीची बाह्यरेषा काढून तिला अदृश्य करतो, दोन्हींचा गट करतो आणि गट फिरवतो. गटाचा मध्य म्हणजेच दृश्य रेषेचे डावे टोक, त्यामुळे ते जागचे हलत नाही.

एकूण ११ आकार झाले: आयत, वर्तुळ, फुलीच्या दोन रेषा, दोन पडदे, घटाच्या दोन रेघा, दोन ठिपके आणि कळीची रेषा. थरांचा क्रम तळापासून आयत, मग पडदे, मग चिन्हे. पडदा चुकून सर्वांत वर राहिला, तर ठिपके अर्धे पुसल्यासारखे दिसतात. तसे दिसले की प्रथम थर तपासावेत. कागदाची पार्श्वभूमी रंगीत ठेवली असेल, तर पांढरे पडदे उघडे पडतात, म्हणून तेव्हा पडद्यांना आणि वर्तुळाला तोच रंग द्यावा.

अलाइन आणि डिस्ट्रिब्यूट यांत अनेकांची गल्लत होते. अलाइन आकारांना एका रेषेत आणते. डिस्ट्रिब्यूट त्यांच्यामधली अंतरे सारखी करते आणि त्यासाठी किमान तीन आकार लागतात, कारण दोन आकारांत एकच अंतर असते. तीन दिवे एका ओळीत हवे असतील, तर पहिला आणि शेवटचा जिथे हवा तिथे ठेवा, तिन्ही उभ्या मध्यावर अलाइन करा आणि मग आडवे डिस्ट्रिब्यूट करा. वर्डमध्ये अलाइनच्या यादीत खाली 'पेज', 'मार्जिन' आणि 'सिलेक्टेड ऑब्जेक्ट्स' असे पर्याय असतात. 'पेज' किंवा 'मार्जिन' निवडलेले राहिले, तर आज्ञा देताच सगळे आकार पानाच्या कडेला जाऊन चिकटतात; तेव्हा घाबरून न जाता कंट्रोल झेड करा आणि तो पर्याय बदला. ड्रॉमध्ये एक सोय फार कमी लोकांना माहीत आहे: एखाद्या आकाराचे स्थान एफ ४ मधून संरक्षित केले, तर अलाइन करताना तो जागचा हलत नाही आणि बाकीचे आकार त्याच्याशी जुळतात. परिपथात आयत संरक्षित ठेवावा. मग एखाद्या चिन्हाबरोबर तारच सरकली, असे होत नाही.

बारीक सरकवण्यासाठी माउसपेक्षा बाणांच्या कळा बऱ्या. लिब्रेऑफिसमध्ये ऑल्टसह आणि वर्डमध्ये कंट्रोलसह बाणाची कळ दाबली की आकार अगदी थोडा सरकतो. शिफ्ट दाबून रेषा ओढली की ती ४५ अंशांच्या पटीतच वळते, म्हणजे आडवी रेषा खरोखर आडवी राहते. डोळ्याला आडवी वाटणारी रेषा अर्ध्या अंशाने कललेली असली, तरी छापील पानावर तिला पायऱ्या पडल्यासारख्या दिसतात.

आता गट. आकार निवडून ग्रुप केले की ते एकत्र हलतात, एकत्र लहान-मोठे होतात, पण प्रत्येकाचे वेगळेपण टिकते. ड्रॉमध्ये गट करायला कंट्रोल, शिफ्ट आणि जी. एफ ३ ने गटात शिरून एकच आकार दुरुस्त करता येतो आणि कंट्रोल एफ ३ ने बाहेर पडता येते, त्यामुळे छोट्या दुरुस्तीसाठी गट मोडायचे कारण नाही. वर्डमध्ये गटातील आकारावर दुसऱ्यांदा क्लिक केले की तो एकटा निवडला जातो. गटात गट करण्याची सवय लावून घ्या: दिवा हा एक गट, घट दुसरा, कळ तिसरा, आणि मग सर्वांचा मिळून मोठा गट. पुढच्या परीक्षेत दोन दिवे एकसरीत हवे असतील, तर दिव्याच्या गटाची प्रत काढली की काम होते. एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. रायटरमध्ये फाइलमधून घातलेले चित्र आणि काढलेले आकार यांचा एक गट होत नाही. तसे करायचे असेल तर सगळी जुळणी ड्रॉमध्ये करावी.

गट करणे आणि आकार एकजीव करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रॉ आणि इम्प्रेस (लिब्रेऑफिसमधील सादरीकरणाचा भाग) यांतील मर्ज, सबट्रॅक्ट, इंटरसेक्ट, तसेच पॉवरपॉइंटमध्ये २०१३ पासून असलेले मर्ज शेप्स, यांतून मूळ आकार संपून एक नवा आकार तयार होतो. वजाबाकी करताना दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत: ड्रॉमध्ये सर्वांत खालच्या थरातील आकारातून वरचे आकार वजा होतात, पॉवरपॉइंटमध्ये आधी निवडलेल्या आकारातून नंतर निवडलेले वजा होतात. तुमच्या परिपथाला याची गरज नाही.

नावांच्या चौकटींबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण शाळेच्या संगणकावर झालेल्या बिघाडाचे एक मोठे कारण मला तिथे दिसते. दोन सॉफ्टवेअरांची मोजमापे जुळत नाहीत म्हणून आकृती हलते, असा समज आहे. मोजमापे वेगळी आहेत हे खरे: वर्डच्या नव्या फाइलीत एक सेंटिमीटरचे ३,६०,००० भाग धरलेले असतात, ड्रॉ मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजते आणि रायटर इंचाच्या १,४४० व्या भागात. पण या रूपांतरात पडणारा फरक मिलिमीटरच्या दोन शतांशांच्या आतच राहतो, तो डोळ्याला दिसूच शकत नाही. दिसतो तो फॉन्टचा फरक. घरी मजकूर मंगल किंवा कोकिळात असेल आणि शाळेच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर लिब्रेऑफिस त्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट घालते. त्याची अक्षरे रुंद असतील तर ओळी वाढतात, परिच्छेद सरकतात आणि परिच्छेदांना बांधलेले सुटे आकारही विखुरतात. चौकटीतला 'विद्युत घट' हा शब्दही दोन ओळींत मोडतो आणि चौकटीची उंची ठरावीक असेल, तर दुसरी ओळ किंवा निदान खालचे उकार कापले जातात. देवनागरीला रोमनपेक्षा वर-खाली अधिक जागा लागते. वेलांटी, रफार आणि उकार यांचा विचार करून चौकट थोडी उंच ठेवावी, आतले समास शून्य करावेत, किंवा मजकुरानुसार आकार बदलण्याचा पर्याय चालू ठेवावा. सर्वांत चांगले म्हणजे दोन्ही संगणकांवर एकच युनिकोड फॉन्ट बसवणे. नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी मोफत मिळतात. ते शक्य नसेल, तर फाइलीतच फॉन्ट समाविष्ट करण्याचा पर्याय दोन्ही सॉफ्टवेअरांत आहे.

फाइल कोणत्या स्वरूपात जतन केली आहे, हेही पाहा. जुन्या डॉक स्वरूपातील, किंवा वर्ड २००७ मध्ये काढलेले आकार वेगळ्या, जुन्या भाषेत लिहिलेले असतात. वर्ड २०१० पासून ती भाषा बदलली. जुनी प्रश्नपत्रिका उघडून तिच्यातच दरवर्षी भर घालत गेलो, तर एका फाइलीत दोन्ही काळांचे आकार साचतात आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्यावर ते वेगवेगळे वागतात. आकृती नव्या कोऱ्या डॉकएक्स फाइलीत पुन्हा काढणे हा वेळ वाचवणारा मार्ग ठरतो. छपाईला द्यायची प्रत मात्र नेहमी पीडीएफच असावी. शाळेत फक्त छापायचे असेल, तर मूळ फाइल तिकडे उघडण्याची गरजच नाही.

आकार २० च्या वर गेले, किंवा आकृती पुन्हा पुन्हा लागणार असेल, तर ती मजकुराच्या फाइलीत काढूच नये, असे माझे ठाम मत आहे. ती ड्रॉमध्ये काढावी, ड्रॉची मूळ फाइल (ओडीजी) जपून ठेवावी आणि प्रश्नपत्रिकेत एसव्हीजी किंवा पीएनजी चित्र घालावे. वर्ड २०१९ आणि त्यापुढील आवृत्त्या एसव्हीजी घेतात. त्याआधीच्या वर्डसाठी पीएनजी ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून काढावे, म्हणजे ८० मिलिमीटर रुंद आकृतीला सुमारे ९४५ पिक्सेल. ओघतक्त्यासारखी (फ्लोचार्ट) आकृती असेल, तर हा सल्ला अधिकच लागू पडतो: ड्रॉमधील कनेक्टर, म्हणजे चौकटी जोडणाऱ्या रेषा, चौकटींना चिकटून राहतात आणि चौकट हलवली की बाणही मागोमाग येतात. वर्डमध्ये ते असे चिकटतात ते फक्त ड्रॉइंग कॅन्व्हासच्या आत. इन्सर्ट, शेप्स या यादीच्या तळाशी 'न्यू ड्रॉइंग कॅन्व्हास' आहे. ओघतक्ता वर्डमध्येच काढायचा असेल, तर आधी तो कॅन्व्हास घ्या आणि सगळे काही त्याच्या आतच काढा.

राहता राहिली तुमची सध्याची फाइल. ती वाचवता येईल. आधी तिची एक प्रत बाजूला ठेवा. पुढच्या पानावर गेलेली चौकट कापून आकृतीच्या पानावर आणा, कारण एका गटातले सर्व आकार एकाच पानावर असावे लागतात. होम टॅबच्या उजव्या टोकाला सिलेक्टमध्ये 'सिलेक्ट ऑब्जेक्ट्स' निवडून आकृतीभोवती माउसने चौकट ओढा. सगळे आकार एकदम निवडले जातील. एखादा राहिला असेल तर सिलेक्शन पेनमधून कंट्रोल दाबून त्यालाही घ्या. गट करण्यापूर्वी वर सांगितल्याप्रमाणे अलाइन करून दुरुस्ती करा, मग गट करा, तो कापा, आकृतीच्या रिकाम्या परिच्छेदात चिकटवा आणि रॅप टेक्स्टमध्ये 'इन लाइन विथ टेक्स्ट' निवडा. काम झाले की प्रश्नपत्रिकेच्या अगदी वर जाऊन पाच-सहा वेळा एंटर दाबा आणि आकृती प्रश्नाबरोबर एकसंध खाली सरकते का ते पाहा. सरकली, तर कंट्रोल झेडने त्या ओळी काढून टाका आणि फाइल जतन करा.